ट्रेलरचा अडकित्ता: जॅकनाइफ संगणकावर घडवून पाहण्याची आणि टाळण्याची रीत

ओल्या रस्त्यावर रिकामा ट्रेलर धावतोय, ड्रायव्हर ब्रेक दाबतो, आणि पुढचा घोडा (ट्रेलर ओढणारे, इंजिन आणि केबिन असलेले वाहन) गर्रकन आडवा होऊन केबिन ट्रेलरच्या अंगावर येते. खिशातल्या घडीच्या चाकूवरून याला जॅकनाइफ म्हणतात; आपल्याकडे अडकित्ता म्हटले तरी चित्र तेच. एकदा मिटायला लागला की सेकंद-दोन सेकंदांत खेळ संपतो. खऱ्या गाडीवर याची चाचणी घ्यायची तर बंदिस्त ट्रॅक हवा, उलटू नये म्हणून बाजूला टेकू देणाऱ्या आउटरिगर चौकटी हव्यात, आणि घोडा-ट्रेलरमधला कोन ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणाऱ्या साखळ्या हव्यात. म्हणून आधी संगणकावर शेकडो वेळा गाडी घसरवायची आणि ट्रॅकवर निवडक पाच-दहा चाचण्याच न्यायच्या, हा सरळ हिशोब आहे.

ट्रकसिम, ट्रकमेकर यांसारखी तयार सॉफ्टवेअर आहेत. प्रोजेक्ट क्रोनो हे फुकट आणि खुले आहे. तरीही पहिले मॉडेल पायथनमध्ये स्वतः लिहावे. दीड-दोनशे ओळींत होते. तयार सॉफ्टवेअर उत्तर देते, पण ते उत्तर टायरमुळे आले की ब्रेकच्या हवेमुळे, हे कळायला आतली यंत्रणा एकदा हाताखालून गेलेली असावी लागते.

आधी हे पक्के करा: कोणते चाक लॉक झाल्यावर काय होते

ब्रेकमुळे चाक फिरायचे थांबून नुसते घसरू लागले की ते लॉक झाले म्हणतात. घोड्याची पुढची चाके लॉक झाली तर गाडी वळत नाही, सरळ पुढे घसरते. ट्रेलरची चाके लॉक झाली तर ट्रेलरची शेपटी हळूहळू बाजूला जाते, पण ब्रेक सोडला की बऱ्याचदा जागेवर येते. घोड्याचे मागचे, म्हणजे ड्राइव्ह ॲक्सल लॉक झाले तर त्याची बाजूची पकड जाते, मागून ट्रेलर किंगपिनवर (ट्रेलरला घोड्याशी जोडणारी उभी खीळ) ढकलत असतो, आणि घोडा फिरतो. जॅकनाइफ म्हणजे हा तिसरा प्रकार. तुमच्या मॉडेलने हे तिन्ही प्रकार वेगवेगळे दाखवले पाहिजेत. न दाखवणारे मॉडेल पुढे कशालाही वापरू नका.

गाडी आकड्यांत मांडा

उदाहरणाला आपल्या रस्त्यांवरची नेहमीची जोडी घेऊ: चार बाय दोनचा घोडा (चारपैकी मागच्या दोन चाकांना इंजिनची ओढ) आणि तीन ॲक्सलचा, चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर. जुलै २०१८ मध्ये सुधारलेल्या मर्यादेनुसार दोन टायरच्या पुढच्या ॲक्सलवर ७ टन, चार टायरच्या एकेरी ॲक्सलवर ११.५ टन आणि तीन ॲक्सलच्या संचावर २७ टन चालतात. त्यात बसणारे आकडे असे घ्या.

घोडा: वस्तुमान ७,००० किलो, व्हीलबेस ३.५ मीटर, गुरुत्वमध्य पुढच्या ॲक्सलच्या मागे १.२ मीटर, फिफ्थ व्हील (किंगपिन जिच्यात बसते ती घोड्यावरची जोडतबकडी) पुढच्या ॲक्सलच्या मागे २.९ मीटर, उभ्या अक्षाभोवतीचे जडत्व सुमारे २०,००० किलो-मीटर वर्ग.

ट्रेलर: किंगपिनपासून तीन ॲक्सलच्या मध्यापर्यंत ८ मीटर. भरलेला असताना ३७,००० किलो, गुरुत्वमध्य किंगपिनच्या मागे ५.६२ मीटर, जडत्व साडेचार लाख. रिकामा कंटेनर धरून १०,००० किलो, गुरुत्वमध्य ५.६ मीटर, जडत्व सव्वा लाख.

कोड लिहिण्याआधी ॲक्सलवरचे भार हाताने काढा. भरलेल्या गाडीत किंगपिनवर ११ टन येतात. फिफ्थ व्हील ड्राइव्ह ॲक्सलच्या जरा पुढे असल्याने त्यातले ९.१ टन ड्राइव्ह ॲक्सलवर जातात. घोड्याचे स्वतःचे २.४ टन मिळवले की ११.५ टन. पुढे ६.५ टन, ट्रेलरच्या संचावर २६ टन, एकूण ४४. रिकाम्या गाडीत किंगपिनवर जेमतेम ३ टन, म्हणून ड्राइव्ह ॲक्सलवर ४.९ टन. हे आकडे प्रोग्रामच्या आकड्यांशी जुळले नाहीत तर बहुधा फिफ्थ व्हीलचे अंतर कुठल्या टोकापासून मोजायचे यात गडबड झालेली असते.

११.५ आणि ४.९. सगळी भानगड या दोन आकड्यांत आहे. ब्रेक चेंबर (हवेच्या दाबाचे ब्रेकच्या बलात रूपांतर करणारा डबा) तेच, ड्रम तोच, ब्रेकपॅडलवर पाय तोच, आणि ॲक्सलवरचे वजन निम्म्याहून कमी. भरलेल्या गाडीला पुरावेत म्हणून ड्राइव्ह ॲक्सलचे ब्रेक ७ बार दाबाला ६८ किलोन्यूटन बल देतात असे धरा. ओल्या डांबरावर घर्षणांक ०.५ असेल तर भरलेले ॲक्सल सुमारे ५.८ बारला लॉक होईल. रिकामे ॲक्सल जास्तीत जास्त २४ किलोन्यूटन पेलते, म्हणजे अडीच बारलाच लॉक. ड्रायव्हरच्या पायाला हा फरक कळायला काही मार्ग नाही.

टायर: बहुतेक मॉडेल इथे फसतात

टायरचे ब्रेकचे बल आणि बाजूचे बल वेगवेगळ्या सूत्रांनी काढून दोन्ही गाडीला लावले, तर लॉक झालेले चाकही बाजूला पूर्ण पकड देत राहते आणि जॅकनाइफ कधीच होत नाही. पडद्यावर गाडी छान सरळ थांबते आणि ब्रेक निर्दोष असल्याचा निष्कर्ष निघतो. ही चूक इतकी सहज होते की तिच्यासाठी वेगळी तपासणी ठेवावीच लागते.

दोन्ही बले एकाच घसरणीतून काढा. टायर रस्त्याला टेकतो तिथला घसरण्याचा वेग, पुढचा आणि बाजूचा असे दोन्ही घटक धरून, चाकाच्या पुढे जाण्याच्या वेगाने भागा. या घसरणीची लांबी घर्षण किती मिळेल ते ठरवते, आणि बल नेमके घसरण्याच्या उलट दिशेला लावायचे. लांबीवरून बल काढायला डेल्फ्टच्या हान्स पासेय्का यांचे मॅजिक फॉर्म्युला नावाचे सूत्र सोप्या रूपात पुरते: आधी घसरण गुणिले कडकपणाचा गुणक, त्याचा आर्कटॅन, तो गुणिले आकाराचा गुणक, त्याची साइन, आणि शेवटी घर्षणांक गुणिले ॲक्सलवरचा भार. आकाराचा गुणक १.५ घ्या. छोट्या घसरणीला ट्रक टायरचा ताठपणा भाराच्या सुमारे सहा पट धरला, तर ०.५ घर्षणांकाला कडकपणाचा गुणक ८ येतो. मग सर्वाधिक पकड साधारण २२ टक्के घसरणीला मिळते आणि पूर्ण लॉक झाल्यावर तिच्या ८३ टक्के उरते. ओल्या रस्त्यासाठी हे पटण्याजोगे आहे.

आता तपासणी. रिकाम्या गाडीचे ड्राइव्ह ॲक्सल ३ अंश तिरके सरकतेय असे धरा. चाक फिरत असेल तर बाजूचे बल सुमारे १३.५ किलोन्यूटन यायला हवे. तेच चाक लॉक करा: एकूण घर्षण जवळपास २० किलोन्यूटन, पण सगळे मागच्या दिशेला, बाजूला उरते फक्त १ किलोन्यूटनच्या आसपास. तेरापटीने पकड गेली. तुमचे फंक्शन हे दोन आकडे देत असेल तरच पुढे जा.

घोडा आणि ट्रेलर जोडणे

सोपा आणि न चुकणारा मार्ग असा: दोन्ही वाहनांची समीकरणे जमिनीच्या अक्षांत स्वतंत्र लिहा आणि किंगपिनवरचे बल अज्ञात ठेवा. घोड्याचे दोन दिशांतले त्वरण आणि फिरण्याचे त्वरण, तसेच ट्रेलरचे, म्हणजे सहा अज्ञात. किंगपिन बलाचे दोन घटक मिळून आठ. समीकरणेही आठ: न्यूटनची सहा, आणि जोडबिंदूचे त्वरण दोन्हीकडून सारखे असण्याची दोन. वेळेच्या दर पायरीला आठ बाय आठचे गणित नमपायला (पायथनची गणिती लायब्ररी) सोडवायला द्या. जोडबिंदूच्या त्वरणात फिरण्याच्या वेगाच्या वर्गाचे पद विसरू नका. छोट्या कोनात ते नसल्याचे जाणवत नाही, पण घोडा जोरात फिरू लागला की उत्तर बिघडते.

पायऱ्या पुढे सरकतील तसा किंगपिन आणि फिफ्थ व्हील यांच्यात आकड्यांची फट पडत जाते. ट्रेलरची जागा दर पायरीला घोड्याच्या फिफ्थ व्हीलवरून पुन्हा मोजा आणि फट मिलिमीटरच्या आत आहे ना, ते छापून पाहा.

ब्रेक लागताना घोड्याचे मागचे ॲक्सल हलके होते, पण ट्रेलरही पुढे झुकून किंगपिनवर वजन टाकतो. यातली एकच बाजू धरली तर लॉक होण्याचा दाब चुकतो. त्वरणावरून भार आणि भारावरून त्वरण अशी गाठ पडू नये म्हणून आधीच्या पायरीचे त्वरण वापरा आणि ०.१ सेकंदाचा फिल्टर लावा.

प्रत्येक ॲक्सलला चाक फिरण्याचे एक समीकरण हवे: टायरचे बल गुणिले ०.५ मीटर त्रिज्या, वजा ब्रेकचा टॉर्क. इथे वेळेची पायरी दगा देते. पुढच्या ॲक्सलच्या चाकांचे जडत्व २० धरले, तर सेकंदाला १० मीटर वेगाला पायरी ४ मिलिसेकंदांच्या खाली हवी. १ मीटर वेगाला ०.४ मिलिसेकंदाच्या खाली. म्हणजे १ मिलिसेकंदाची पायरी हमरस्त्यावर उत्तम चालते आणि गाडी थांबत आली की चाके वेड्यासारखी थरथरतात. त्यावर डोके खपवण्यात अर्थ नाही. ताशी १० किलोमीटर वेगाला रन थांबवा. त्या वेगाला जॅकनाइफचा निकाल कधीच लागलेला असतो.

हवा पोहोचायला वेळ लागतो

एअर ब्रेकमध्ये पॅडल दाबल्यावर दाब पाइपातून जातो आणि ट्रेलरच्या शेवटच्या चेंबरला सगळ्यात उशिरा पोहोचतो. युरोपीय नियमांत सर्वांत प्रतिकूल जागेच्या चेंबरला ७५ टक्के दाब गाठायला ०.६ सेकंदाची मर्यादा आहे. मॉडेलमध्ये प्रत्येक ॲक्सलला दोन आकडे द्या: हवा पोहोचेपर्यंतचा उशीर आणि मग दाब चढण्याचा काळ. सुरुवातीला घोड्याला ०.१ आणि ०.१५ सेकंद, ट्रेलरला ०.२५ आणि ०.२५ सेकंद घ्या. मग ट्रेलरचा उशीर ०.१ सेकंदाने वाढवत न्या. त्या मधल्या काळात ट्रेलरला ब्रेकच नसतो आणि त्याचे सगळे वजन किंगपिनमधून घोड्याला ढकलते. गळका पाइप, सैल स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकमधली फट जुळवणारा दांडा), अर्धवट बसलेला ग्लॅडहँड (घोडा-ट्रेलरमधल्या हवेच्या पाइपांचा जोड) यांचा परिणाम मॉडेलमध्ये याच दोन आकड्यांतून आणि ट्रेलरच्या कमी टॉर्कमधून शिरतो.

पहिले रन

रिकामी गाडी, ६० किलोमीटर वेग, घर्षणांक ०.५, फक्त ड्राइव्ह ॲक्सलला ५ बार. चालवा. बहुधा काहीच होणार नाही, गाडी सरळ घसरत थांबेल! कोड चुकलेला नसतो. संगणकातली गाडी पूर्णपणे समतोल असते. टोकावर उभी केलेली पेन्सिल गणितात पडत नाही, तसेच हे. खऱ्या रस्त्याला बाजूचा उतार असतो, एका बाजूची चाके ओल्यात असतात, स्टिअरिंग केसभर वळलेले असते. म्हणून पुढच्या चाकांना अर्धा अंश वळण द्या, किंवा रस्त्याला २ टक्के आडवा उतार द्या. मग घोडा फिरेल. आता फक्त ट्रेलरला ब्रेक देऊन शेपटी हळू जाते का, फक्त पुढच्या चाकांना देऊन गाडी नांगरासारखी सरळ जाते का, ते पाहा.

त्याआधी एक साधा मेळ: चाके लॉक न होता ०.५ घर्षणांक पुरेपूर वापरला, तर ६० किलोमीटर वेगावरून थांबायला २८.३ मीटर लागतात, वर हवेच्या उशिरातले अंतर. तुमची गाडी यापेक्षा कमी अंतरात थांबली तर कुठेतरी ऊर्जा गळतेय.

पुढची कसोटी म्हणून अमेरिकेच्या १२१ क्रमांकाच्या ब्रेक मानकातली वळणावरची चाचणी घ्या: १५२.४ मीटर त्रिज्येचे वळण, सर्वोच्च घर्षणांक ०.५, ताशी ४८ किलोमीटर किंवा त्या वळणावर जाता येईल अशा कमाल वेगाच्या ७५ टक्के, यातला जो कमी तो. पूर्ण ब्रेक मारून घोडा १२ फुटी लेनमध्येच राहिला पाहिजे, चारपैकी तीन वेळा. ४८ ला बाजूचे त्वरण ०.१२ जी (गुरुत्व त्वरणाच्या ०.१२ पट) येते. एबीएसविना (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेविना) रिकामी गाडी यात नापास व्हायला हवी.

घाट, पहिला पाऊस, रिकामा कंटेनर

आता खरा प्रसंग मांडा. चाकणला माल उतरवून रिकामा कंटेनर उरणच्या बंदराकडे परत निघालाय, बोरघाट उतरतोय, आणि जूनचा पहिला पाऊस पडलाय. रस्त्यावरचे तेल-धूळ ओले होऊन घर्षणांक ०.३ वर आला असे धरा. उतार ५ टक्के, वळणाची त्रिज्या २०० मीटर.

ब्रेकपॅडलला हात लावण्याआधी इंजिन ब्रेक (इंजिनच्याच रोधाने गाडी आवरणारी सोय) तपासा, कारण तो फक्त ड्राइव्ह ॲक्सलवर काम करतो. १५० किलोवॅटचा इंजिन ब्रेक ६० किलोमीटरला ९ किलोन्यूटन बल देतो. ४८ किलोन्यूटन भाराच्या रिकाम्या ॲक्सलला ते ०.१९ पडते. वळणाचे ०.१४ जी त्यात मिळवले, म्हणजे दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले, तर ०.२४, म्हणजे ०.३ च्या आत. वाचलो. पण शक्ती तीच ठेवून गिअर उतरवत ३० किलोमीटरला आलात की बल १८ किलोन्यूटन होते, म्हणजे ०.३७. ॲक्सल सुटले. वेग कमी झाला, ड्रायव्हरने सगळे नियमाने केले, आणि तरी घोडा फिरला. या रस्त्यावर सीमा ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास येते. म्हणून निसरड्यावर रिकाम्या गाडीत इंजिन ब्रेक पहिल्या टप्प्यावरच ठेवायचा आणि उरलेले काम सर्व ॲक्सलांवर वाटणाऱ्या पायाच्या ब्रेकने हलक्या हाताने करायचे. उतारावर वेग स्थिर ठेवायला रिकाम्या गाडीला एकूण ७ किलोन्यूटनच लागतात. पूर्ण लिव्हर ओढायची गरजच नसते.

मॉडेलमध्ये हे घालताना इंजिन ब्रेकचा टॉर्क ब्रेकच्या हवेशी जोडू नका, वेगळा ठेवा. एबीएस ब्रेकची हवा सोडतो. इंजिन ब्रेक कापण्याची आज्ञा वेगळी जावी लागते. दोन्ही एकत्र टाकले की एबीएस कागदावर नको तितका हुशार दिसतो.

उपाय लावून पाहणे

एबीएस: घसरण २० टक्क्यांवर गेली की हवा सोडा, १० टक्क्यांखाली आली की पुन्हा भरा, दर १० मिलिसेकंदांनी निर्णय घ्या. हवा सुटायला ०.०५ ते ०.१ सेकंद लागू द्या. हे न केल्यास सेकंदाला वीस-तीस वेळा धडधडणारा एबीएस तयार होतो. ट्रकच्या हवेच्या ब्रेकला सेकंदाला चार-पाच फेऱ्याही पुष्कळ झाल्या. अमेरिकेत नव्या घोड्यांना १ मार्च १९९७ पासून आणि ट्रेलरना १ मार्च १९९८ पासून एबीएस सक्तीचा झाला. पण ट्रेलरची एबीएस केबल लावलीच नाही तर काय होते, तोही रन घ्या: घोडा सरळ राहतो आणि शेपटी बाजूच्या लेनमध्ये जाते.

भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह: ड्राइव्ह ॲक्सलचा दाब भाराच्या प्रमाणात कमी करा. वरच्या आकड्यांत रिकाम्या गाडीला तो सुमारे ४३ टक्के पडतो. मग व्हॉल्व्ह ‘भरलेली गाडी’ या स्थितीत अडकला असे धरून पुन्हा चालवा. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीला हा स्वस्तातला सर्वांत मोठा फायदा आहे, आणि देखभालीत सर्वांत दुर्लक्षित भागही हाच.

स्थिरता नियंत्रण: घोड्याचा फिरण्याचा वेग स्टिअरिंगवरून अपेक्षित वेगाशी ताडून पाहा; फरक वाढला की इंजिनची ओढ आणि इंजिन ब्रेक कापा, ट्रेलरला थोडा ब्रेक द्या म्हणजे जोडी ताणली जाऊन सरळ होते, आणि पुढच्या बाहेरच्या चाकाला ब्रेक द्या. यासाठी डावी-उजवी चाके वेगळी धरावी लागतात. इथपर्यंतच्या ॲक्सल-मॉडेलमध्ये ते होत नाही. मॉडेल वाढवायची खरी गरज इथे सुरू होते.

मग तक्ता करा: पाच वेग, चार घर्षणांक, तीन भार, चार दाब, म्हणजे २४० रन. प्रत्येकातून तीनच गोष्टी साठवा: घोडा-ट्रेलरमधला सर्वाधिक कोन, लेनबाहेर किती गेला, आणि थांबण्याचे अंतर. कोन ६० अंशांवर गेला की रन थांबवा, पुढे केबिन आणि ट्रेलर भिडतात आणि टायरचे गणित निरर्थक होते. फक्त अर्धा भरलेला ट्रेलर वगळू नका. माल मागच्या टोकाला असेल तर किंगपिनवरचे वजन रिकाम्यासारखेच राहते, पण ढकलायला वस्तुमान दुप्पट असते. तक्त्यातली सर्वांत धोक्याची घरे तिथे सापडण्याची शक्यता मोठी.

परतीची सीमा

शेवटचे रन सर्वांत उपयोगी. गाडी ५ अंश कोनात आणि सेकंदाला ५ अंश फिरण्याच्या वेगाने सुरू करा, ब्रेक सोडा, आणि स्टिअरिंग उलट दिशेने पूर्ण फिरवा, पण पुढची चाके सेकंदाला २० अंशांपेक्षा जास्त वळू देऊ नका; माणसाच्या हातांना मर्यादा असते. सावरली तर हिरवा ठिपका, नाही तर लाल. कोन आणि वेग दोन्ही वाढवत नेले की आलेखावर सीमारेषा उमटते. स्टिअरिंग ०.८ सेकंद उशिरा फिरवून हाच आलेख पुन्हा काढा आणि हिरवा भाग किती आकसतो ते पाहा. इशारा देणारा सेन्सर कितव्या अंशाला वाजला पाहिजे ते या दुसऱ्या आलेखावरून ठरते, पहिल्यावरून नाही.

ट्रॅकवर जाताना, मग तो इंदूरजवळच्या पिथमपूरचा नॅट्रॅक्स हा वाहन-चाचणी ट्रॅक असो वा दुसरा कोणता बंदिस्त ट्रॅक, सीमेच्या बऱ्याच आतले तीन-चार हिरवे ठिपके निवडा. फिफ्थ व्हीलवर कोन मोजणारा सेन्सर, घोडा आणि ट्रेलर दोन्हीवर जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर), प्रत्येक ॲक्सलला चाकाचा वेग आणि चेंबरचा दाब नोंदवा. मोजलेला दाब जसाच्या तसा मॉडेलला द्या. कोनाची रेषा जुळली नाही तर आधी घर्षणांक बदलण्याचा मोह आवरा; पहिल्यांदा चाकाच्या वेगाच्या रेषा ताडून पाहा, कारण चाक मॉडेलमध्ये पाव सेकंद उशिरा लॉक होत असेल तर बिघाड रस्त्यात नसून हवेच्या त्या दोन आकड्यांत असतो.